नववी खिडकी

संस्थेचा सर्व्हर सांभाळणाऱ्या मशीनवालीने नियमांच्या फाइलमध्ये शेवटची ओळ लिहिली, एकाला एका वेळी दोनच लॉगिन, आणि ती पुन्हा यादी पाहू लागली. खालच्या मजल्यावर पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या पक्षीबाईंच्या नावापुढे अजूनही नऊच. खरोखर नाकी नऊ आणले होते या बाईंनी. प्रत्येक लॉगिनमागे पक्ष्यांच्या वाटा नकाशावर मांडणारा एक प्रोग्राम, आणि त्यापायी त्याच सर्व्हरवरचं हवामानवाल्यांचं काम रोज अडून पडायचं. आज संध्याकाळपर्यंत सर्व्हर मोकळा झाला नाही तर तो सांभाळायचं काम बाहेरच्या कंपनीकडे जाईल, असं साहेबांनी तिला तोंडावर सांगितलं होतं.

मग तिने कपाळावर हात मारून घेतला. नियम नव्याने येणाऱ्याला अडवतो, आधीच आत असलेल्याला बाहेर काढत नाही. इतकी साधी गोष्ट घाईत तिच्या डोक्यातून निसटली होती. जागेवर बसून नऊच्या नऊ तोडता आली असती, पण वडीलधाऱ्या माणसाचं चालतं काम न सांगता तोडणं तिच्या जिवावर आलं. ती जिना उतरून खाली गेली.

बाईंच्या खोलीत भिंतभर पडदा होता आणि त्यावर नऊ काळ्या खिडक्या, प्रत्येक वेगळ्या लॉगिनची. आठांमध्ये आकडे सावकाश वर सरकत होते. करकोचे आहेत, बाई मान न वळवता म्हणाल्या. प्रत्येकाच्या पाठीवर ठावठिकाणा कळवणारं यंत्र, आणि आज सगळे तो बर्फाचा डोंगर ओलांडताहेत. एकाच लॉगिनमध्ये नऊ खिडक्या मावतात हे मशीनवालीने समजावलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. पण त्यासाठी चालू खिडक्या बंद कराव्या लागतील ना, आणि मधले आकडे जातील, एवढंच त्यांनी विचारलं. जातील, हे तिला कबूल करावं लागलं.

"मग ही नववी तरी बंद करा," ती म्हणाली. "कालपासून रिकामीच आहे."

"ती म्हातारी आहे. दर वर्षी मागे पडते." बाईंनी खुर्ची थोडी सरकवली. "नियम तुझा आहे. तूच कर बंद."

मशीनवाली वाकली. तिने बंद करण्याचा शब्द लिहिला. आता फक्त एंटर दाबायचं होतं.

तेवढ्यात शब्दाच्या वर एक ओळ उमटली. मग दुसरी, मग ओळींमागून ओळी. दरीतून यंत्राचा संदेश पोचत नव्हता, म्हणून साठवून ठेवलेलं सगळं ते एकदम सांगत सुटलं होतं. उंची चार हजार मीटर. साडेचार. पुन्हा चार, वाऱ्याने खाली ढकललं असावं. मग पाच. पुन्हा खाली. मग पाच हजार दोनशे.

मशीनवालीला आकड्यांची सवय होती. आकडे पाहून तिच्या अंगावर कधी काटा आला नव्हता. आज आला. कागदासारखी हलकी हाडं, एवढासा जीव, आणि त्या बर्फावरून एकटा चालला होता. रात्रंदिवस आपण सांभाळतो त्या मशीनमधून असलं काही वाहत असतं, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. ती आ वासून पाहत राहिली.

"किती उंच आहे तो डोंगर?" तिने हळूच विचारलं.

"अजून तीनशे मीटर."

खिशात फोन वाजला. साहेब होते. यादीत बाईंची नऊ लॉगिन अजून दिसताहेत, हवामानवाले डोक्यावर बसलेत, हे चाललंय काय, असं ते विचारत होते.

"दिसणारच, सर," ती म्हणाली. "आज मी ती तोडणार नाही."

पलीकडून साहेब बराच वेळ बोलत राहिले. तिने फोन कानाशी धरून ठेवला, दुसऱ्या हाताने पडद्यावरचा तो शब्द एकेक अक्षर करून खोडला, आणि पाय न वाजवता एक खुर्ची ओढून बाईंच्या शेजारी बसली.