मठातला सावकाश उजेड

सभागृह खचाखच भरलं होतं. प्रत्येकाच्या फोनवर मठाच्या वेबसाइटवरची बाबांची काळवंडलेली तसबीर होती. तिच्यावर बोट ठेवलं की बहुतेकांच्या फोनवर ती हळूहळू सोनेरी व्हायची आणि बायाबापड्यांचे हात आपोआप जोडले जायचे.

"आजार असाच उतरतो, बाळांनो. सावकाश," बाबा माइकवर शब्द घोळवत होते. "मनात शंका असली की तसबीर झटक्यात उजळते. तो उजेड फुकट जातो. ज्याची सावकाश उजळली, त्याला औषध कशाला?"

सासूबाईंची सावकाश उजळली, माझी झटक्यात. झालं, मी घरबुडवी ठरले. माझ्या लेकीचा दम्याचा पंप सासूबाईंनी पिशवीत कोंबला. पोर मांडीवर घरघरत होती, बरगड्या आत ओढल्या जात होत्या.

"आई, पंप द्या."

"तुझ्या शंकेपायीच तिची ही दशा."

दारात सेवेकरी सगळ्यांचे फोन 'शुद्ध' करून देत होते. मी माझा दिला नव्हता. आता, काय करतात ते पाहायला, एका सेवेकऱ्याच्या हातात दिला. त्यांनी फक्त एक नवा ब्राउझर टाकला आणि तसबीर त्यात उघडली. ती सावकाश उजळली. शंका मात्र होती तशीच होती, उलट वाढली होती.

शेजारी बसलेली नणंद वेबसाइट बनवते. तिने लॅपटॉपवर बाबांच्या पानाचा कोड उघडला आणि नाक मुरडलं.

"वहिनी, 'रंग सावकाश बदल' अशी ही एक ओळ. तिला सेवेकरी टाकतात त्याच ब्राउझरची खूण जोडलीय. बाकीचे ब्राउझर ही ओळ ओलांडून पुढे जातात, म्हणून रंग एकदम बदलतो. काढ तुझ्या चपलेचा फोटो."

मी काढला. तिने तो काळवंडून एका नव्या पानावर चढवला, त्याला खूण नसलेली तीच ओळ जोडली आणि ते पान भक्तांच्या ग्रुपवर टाकलं. मी लेकीला कडेवर घेऊन उभी राहिले.

"बाबा, ही माझी चप्पल. शुद्ध न केलेल्या फोनवरही सावकाश उजळते. हिच्या पाया पडू?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

"ताई, खाली बसा," सेवेकरी गुरगुरला.

"नाही बसणार."

सासूबाईंनी आपल्या फोनवरच्या चपलेवर बोट ठेवलं. मग पुन्हा ठेवलं. त्यांनी पिशवीतून पंप काढून माझ्या हातात दिला. मी तिथेच पंपाचा मास्क तोंडाला लावून लेकीला औषध दिलं. घरघर उतरायला वेळ लागला. तोवर मी बोलत राहिले.

"ज्यांनी ज्यांनी औषधं बांधून ठेवलीत, ती बाहेर काढा. असलं काही दिसलं की हे कुणी केलं, कसं केलं, एवढं तरी विचारा. आणि विचारताना हात जोडू नका."