अवो ऐकलं का डॉट कॉम

योगीराजनं घरच्या घोंगड्या विकायला पुण्याहून वेबसाईट काढली आणि तिला बापाचं नाव दिलं: रामलिंग घोंगडी डॉट कॉम. निंबर्ग्यात आजवर कुणाच्या नावाला डॉट लागला नव्हता. रामलिंगअप्पा आठवडाभर छाती काढून हिंडले.

घरचा मोबाईल मात्र तानुबाईकडं असायचा. अप्पा एकदा मागावर बसले की बायकोच्या तिसऱ्या हाकेशिवाय ओ देत नसत, मग फोन कसला उचलतात? तानुबाईला ते काम फार आवडायचं. लोकर कुठल्या मेंढीची, धाग्याला लावायची खळ चिंचोक्याची का, घोंगडी पहिल्या धुण्याला किती आटते, गिऱ्हाईकं सगळं तिला विचारायची. जन्मभर घरात तिच्याकडं लोकांनी पाणी मागितलं होतं. विचारत कुणी काही नव्हतं.

एके दुपारी सोलापूरच्या एका दुकानदाराचा फोन आला. बोलणं झकास चाललं होतं.

"फोटो बघतो. वेबसाईटचं नाव सांगा."

तानुबाई अडली. लग्नापासून तिनं नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं.

"आमच्या ह्यांचं नाव. म्होरं घोंगडी."

"ह्यांचं म्हणजे?"

"योगीराजच्या अप्पांचं!"

दुकानदारानं 'योगीराज' टाकलं. "बाई, हितं लोक डोकं खाली, पाय वर करून उभारलेत." नाव सांगायला तानुबाई शेजारच्या कमलम्माला ओढत घेऊन आली, तोवर फोन बंद झाला होता. पुढचे दोन फोनही असेच गेले.

अप्पा तडकले. "नाव घ्यायला काय धाड भरलीय तुला?"

"तुमचं आयुष्य कमी हुतंय म्हनतेत."

"कोन म्हनतंय?"

"समदेच. खोटं आसंल. पर मला न्हाई बघायचं करून."

रात्री योगीराज फोनवर म्हणाला, "आई, ऱ्हाऊ दे. फोन कमलम्माच्या सुनेकडं दे. ती शिकलेली हाय."

तानुबाईनं "बरं" म्हटलं आणि मोबाईल पदरानं पुसून फळीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी तो वाजला तरी ती चुलीपुढून हलली नाही. अप्पांना ते बघवेना. त्यांनी स्वतःच पोराला फोन लावला.

"नाव बदल. तुझी आई मला काय म्हनती?"

"अवो ऐकलं का."

"तेच ठिव."

"अप्पा, लोक हसतील."

"हसू दे. माझं नाव गावात दहा जण घेतेत. हे एकटी तीच म्हनती."

योगीराज पोट धरून हसला, आणि त्यानं वेबसाईटला तेच नाव दिलं.

चार-आठ दिवसांनी सोलापूरवाल्याचा फोन पुन्हा आला. तानुबाईनं तो उचलला, पदर सावरला, घसा साफ केला. नावाची बारी आली तशी ती लाजली, मग अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी म्हणाली, "अवो ऐकलं का!"

मागाची खटखट कधीची थांबली होती.

"आलो, आलो," पहिल्याच हाकेला अप्पा आतून म्हणाले.