एकोणीस देव आणि एक कोनाडा

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता गवंडी येणार होता, आणि बुधवार उजाडला तरी मुलीचा देव ठरत नव्हता.

देव तिचा स्वतःचा नव्हे, आईचा. स्मशानाच्या मागच्या भिंतीत हातभर रुंदीचे कोनाडे होते. त्यात अस्थींचा कलश ठेवायचा, सोबत हवी तर वीतभर उंचीची एखादी वस्तू, आणि मग गवंड्याने दगडी फरशी लावून कोनाडा कायमचा बंद करायचा. वस्तू एकच, हे कचेरीतल्या बाईंनी दोनदा बजावलं होतं. त्यांचा अनुभव दांडगा असावा. आईच्या घरी फळीवर एकोणीस देव होते.

आई तीस वर्षं संग्रहालयाच्या तळघरात ओतकाम करत होती. जुन्या मूर्तींचे साचे घ्यायचे, त्यांत प्लास्टर ओतायचं, निघालेल्या प्रती घासूनपुसून वरच्या दुकानात पाठवायच्या. कुठल्या कुठल्या देशांतले, बहुतेक आता ज्यांना कुणी नवससुद्धा बोलत नाही असे देव तिच्या हाताखालून गेले. साच्यातली पहिली प्रत जरा ओबडधोबड निघते. ती विकत नाहीत, म्हणून आई ती घरी आणायची.

त्यांची खरी नावं तिने कधी लक्षात ठेवली नाहीत. खांद्यावर घुबड घेतलेली विद्येची देवी म्हणजे घुबडवाली. पक्ष्याच्या डोक्याचा, देवांचा हिशेबनीस म्हणजे चोच्या. उत्तरेकडचा, शहाणपणासाठी एक डोळा देऊन बसलेला तो एकडोळ्या. आणि रानातला शिंगंवाला, त्याचं नाव शिंगाडे. "शिंगाडेंनी आज पुन्हा डावं शिंग मोडून घेतलं," असं ती जेवताना सांगायची, जणू तो तिच्या खात्यातला कारकून होता.

मुलगी ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात होती. तिला सगळ्यांची नावं, बिरुदं, बायका, भांडणं, कुणाला काय वाहायचं, सगळं पाठ होतं. एकोणीस वर्षांची असताना तिने आईला एकदा विचारलं होतं, "यातला तुझा कोण?" आई म्हणाली, "साच्यातून एका झटक्यात सुटतो तो." मुलगी चिडली होती. देवाबद्दल बोलतोय आपण, बरणीच्या झाकणाबद्दल नाही, असं काहीतरी ती बोलून गेली आणि पुढच्या वाढदिवसाला तिने आईला देवकथांचा एक जाडजूड ग्रंथ दिला. तो परवा संग्रहालयाच्या तळघरातून घरी आलेल्या आईच्या सामानात सापडला. पानं कोरी करकरीत, पुठ्ठ्यावर प्लास्टरचे थेंब. मोडलेले तुकडे चिकटेपर्यंत वर ठेवायला वजन म्हणून तो वापरात होता.

प्रश्न पुन्हा विचारायला तिने फार उशीर केला. शेवटचे चार महिने आईची वाचा गेली होती. मुलीने दवाखान्यात एकेका मूर्तीचा फोटो दाखवून विचारलं, "ही? का हा?" आईने एकोणीसच्या एकोणीस वेळा मान डोलावली.

"अगं, देव काय भाजी आहे का, दाबून बघून निवडायला?" मावशी म्हणाली. मावशी आईची धाकटी बहीण. महिनाभर राहायला म्हणून आली होती आणि स्वयंपाकघराचा ताबा घेऊन बसली होती. "उचल एक आणि ठेव. ताई काही उठून ओरडणार नाही."

"तुला काय वाटतं? तिला कोण आवडायचं?"

"तो पोटवाला. हसतो तरी. बाकीचे बघ, एकेक जण चेहरा पाडून बसलाय."

"तो तुला आवडतो."

"मग? माझी आवड काय वाईट आहे? तुझ्या वडिलांचं स्थळ मीच आणलं होतं."

मुलीने भुवई उंचावली. मावशीने तिच्याकडे पाहिलं आणि भांडी जरा जास्तच जोरात विसळायला घेतली.

मुलीचा स्वतःचा कल घुबडवालीकडे होता. शहाणी, हातकामाची देवी, कारागिरांची पाठराखीण. पुस्तकाप्रमाणे अगदी चपखल. पण चपखल आहे म्हणूनच तिला खात्री वाटेना. ही निवड आईची नव्हती, संदर्भ विभागाची होती. आणि ती चुकली तर दुरुस्तीला जागा नव्हती. फरशी एकदाच लागते.

गुरुवारी ती तळघरात गेली. तिथे आता एकटा रंगारी उरला होता. आईने ओतलेल्या पांढऱ्या देवांना कांस्याचा, दगडाचा रंग चढवण्यात त्याची हयात गेली होती. त्याने तिच्यासाठी स्टूल पुसलं आणि तिचा प्रश्न ब्रश न थांबवता ऐकून घेतला.

"आवडता देव?" तो म्हणाला. "बाईंना? बाई सगळ्यांना शिव्या घालायच्या."

"तरीही."

"पंखवाले नको असायचे, त्यांच्यात बुडबुडे अडकतात. हातवाले नको, हात तुटतात. घुबडवालीवर तर विशेष राग. घुबडाची चोच दर वेळी साच्यात राहायची."

मुलीला हसू आलं, आणि शुक्रवारी घुबडवालीच कोनाड्यात जाणार होती या विचाराने ती स्टुलावर टेकली.

"पाठी बघितल्यात का?" रंगाऱ्याने विचारलं.

"पाठी सपाट आहेत. सगळ्यांच्याच."

"असणारच. साचा पुढून, ओतायचं मागून, वरून पट्टी फिरवली की झालं. भिंतीला लावून ठेवायच्या वस्तू, मागे कोण जातंय बघायला?" त्याने ब्रश पाण्यात बुडवला. "पण एकदा बाईंनी एकीचा दोन भागांचा साचा केला होता. दुप्पट काम. कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, बाई, मूळ मूर्तीलाच पाठ नाही, फुटून गेलीय, तुम्ही कसली करताय? तर म्हणाल्या, बसलेल्या बाईला पाठ असतेच."

"कुणाची मूर्ती?"

"ते कुठलं आठवायला. शंभर देव रंगवलेत मी."

घरी येऊन तिने चपलाही काढल्या नाहीत. फळी आई स्वतः पुसायची, शिंगं मोडाल म्हणून दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. मुलगी एकेकाला फिरवत गेली. घुबडवाली सपाट. चोच्या सपाट. एकडोळ्या, शिंगाडे, पोटवाला, सगळ्यांच्या पाठीवर पट्टीचे ओरखडे. सतरावी मूर्ती उचलली आणि बोटांना काहीतरी लागलं.

ती मांडीवर काहीतरी गोल घेऊन बसलेली बाई होती. गोल म्हणजे भाकर, डफ की चाळण, यावर तज्ज्ञांचं एकमत नव्हतं. संग्रहालयातल्या पाटीवर एवढंच होतं: बसलेली स्त्री, बहुधा घरगुती देवता, नाव माहीत नाही. तिच्याबद्दल वाचण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मुलीने तिच्याकडे कधी धड पाहिलंही नव्हतं.

तिला पाठ होती. खांद्याची हाडं, कमरेशी वस्त्राची गाठ आणि मधून उतरणारी तीन पेडांची वेणी. वेणी सरळ नव्हती. खाली येता येता ती डाव्या खांद्याच्या बाजूला झुकली होती.

आई डावखुरी होती. शाळेची दहा वर्षं तिने घातलेली मुलीची वेणी अशीच डावीकडे जायची आणि ती रोज आरशासमोर कुरकुरायची. "पुढून कुठे दिसतेय?" आई म्हणायची.

मुलगी मूर्ती घेऊन खुर्चीवर बसली. मावशी दारात आली, तिच्या पायांतल्या चपला बघितल्या आणि चहा टाकायला आत गेली.

शुक्रवारी गवंडी वेळेवर आला. त्याने कोनाडा झाडला, कलश मागे सरकवला आणि मूर्तीसाठी हात पुढे केला. मुलीने ती लगेच दिली नाही. ही आत गेली की घरात अठरा उरणार होते आणि त्यांतल्या एकालाही पाठ नव्हती. गवंडी हात तसाच पुढे धरून थांबला. अशा थांबण्याची त्याला सवय असावी.

तिने मूर्ती त्याच्या हातात ठेवली.

"तोंड बाहेर ना?" त्याने विचारलं.

"नाही. आत. कलशाकडे."

"मग आपल्याला पाठच दिसेल, ताई."

"हो," मुलगी म्हणाली.

मावशीने पुढे वाकून चष्मा वर केला आणि बराच वेळ पाहिलं. "वेणी वाकडी आहे," ती म्हणाली.

"आहे."

गवंड्याने घमेल्यात प्लास्टर कालवायला घेतलं. मुलीने त्याच्या थापीकडे पाहिलं. आईचं प्लास्टर इतकं घट्ट नसायचं. तिने त्याला आणखी थोडं पाणी घालायला सांगितलं.