बाळा, पडदे उघड

इमारतीतले सगळे तिला झटकामावशी म्हणत. तीस वर्षं वायरिंगचं काम करून तिला जेवढे झटके बसले नव्हते, तेवढे तिने आपल्या जिभेने लोकांना दिले होते.

मधल्या चौकाभोवती उभ्या असलेल्या त्या जुन्या इमारतीचं नूतनीकरण निघालं, तेव्हा सगळ्या घरांत स्मार्ट यंत्रणा बसवायचं ठरलं. दिवे, पडदे, पंखे, गाणी, सगळं एकमेकांना जोडलेलं आणि नुसतं तोंडाने सांगितलं की चालणारं. मावशीने आधी कानांवर हात ठेवले. पण तिची लेक हेच शिकून आली होती.

"आई, वायरी तू ओढ, डोकं मी बसवते."

"म्हणजे इतकी वर्षं मी बिनडोक काम केलं का गं?" असं म्हणत का होईना, मावशी तयार झाली. मायलेकींनी मिळून घेतलेलं हे पहिलंच काम.

सगळ्या घरांत यंत्रणा बसून झाली; चौथ्या मजल्यावरच्या घरात ती सगळ्यात आधी सुरू करून द्यायची होती. तिथलं जोडपं नवविवाहित होतं. नवरदेव एकाहत्तर वर्षांचे, घड्याळं दुरुस्त करणारे. नवरी अडुसष्ट वर्षांची, जन्मभर रेल्वे स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा करून निवृत्त झालेली. लग्नाला आठवडाही झाला नव्हता आणि दोघंही अजून एकमेकांना 'अहो' म्हणत. पाच वाजता त्यांची वीसेक मित्रमंडळी घर बघायला येणार होती. चार वाजता दोघं हातात हात घालून दारात हजर.

"आधी 'बाळा' म्हणायचं, मग काम सांगायचं," मावशी म्हणाली. "मला प्रत्येक बटणाला बाळा म्हणायची सवय. लेकीने तोच शब्द ठेवला."

घड्याळवाल्यांनी घसा खाकरला. "बाळा, पडदे उघड."

घर ढिम्म.

"बाळा, दिवे लाव," नवरीबाई म्हणाल्या. घर मख्ख.

"असं काय करतोस रे?" मावशी वैतागली. "बाळा, पडदे उघड!"

सर्रकन सगळे पडदे उघडले.

तिने तळघरात मुख्य पॅनेलपाशी बसलेल्या लेकीला फोन लावला. पलीकडून खुदकन हसू आलं.

"आई, महिनाभर सगळ्या चाचण्या तुझ्याच आवाजात घेतल्या ना! घराला दुसरा आवाज माहीतच नाही. अर्धा तास दे मला."

अर्धा तास! तोवर करायचं काय? मग मावशीच दुभाषी झाली. नवरीबाई तिच्या कानात सांगायच्या, मावशी घराला सांगायची. पंखा लागला, पंखा मंद झाला, स्वयंपाकघरात उजेड पडला. तेवढ्यात नवरदेव दुसऱ्या कानाशी आले आणि लाजत कुजबुजले, "जरा ते... हळुवार गाणं लावायला सांगा ना. आणि दिवे थोडे कमी."

मावशी कानापर्यंत लाल झाली. "बाळा," ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "हळुवार गाणं लाव. दिवे कमी कर. आणि मी इथे आहे हे या दोघांना आठवू दे!"

शेवटचं वाक्य घराला कळलं नाही, पण त्या दोघांना कळलं. हसता हसता नवरीबाईंना खुर्ची धरावी लागली.

इतक्यात फोन वाजला. "आवाजाचं कुलूप काढलं, आई. आता कुणीही बोललं तरी चालेल. त्यांना मोकळेपणाने बोलायला सांग."

नवरीबाई ताठ उभ्या राहिल्या. रंगाचा वास जावा म्हणून खिडक्या सताड उघड्या होत्या. त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि लाउडस्पीकरलाही लाजवेल अशा आवाजात म्हणाल्या, "बाळा, कृपया लक्ष द्या! सर्व पडदे उघडा, सर्व दिवे लावा, संगीत सुरू करा!"

घराने ऐकलं. आणि अख्ख्या इमारतीने ऐकलं. लेकीने कुलूप काढलं होतं ते एका घराचं नव्हे, सगळ्यांचंच. चौकाभोवतीचे सगळे पडदे एका दमात बाजूला झाले. समोर दातांचे डॉक्टर डोक्याला कलप थापून उभे. खालच्या मजल्यावरच्या करड्या शिस्तीच्या मुख्याध्यापिका आरशासमोर कंबर हलवत होत्या, त्या मध्येच थिजल्या. प्रत्येक घरातून वेगळं गाणं, आणि सगळी मिळून नुसता गोंगाट.

"मेले!" मावशीने कपाळावर हात मारला. "आता काही आपली खैर नाही."

पण आधी डॉक्टरच हसले. मग मुख्याध्यापिका हसल्या आणि, आता सगळ्यांनी पाहिलंच आहे तर म्हणून, पुन्हा नाचायला लागल्या. त्याच वेळी पाहुणे चौकात शिरले. त्यांना वाटलं, हे सगळं नवदांपत्याच्या स्वागतासाठीच. त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

नवरीबाई खिडकीतून हात हलवत होत्या. "अहो, चाळीस वर्षं मी ओरडून एक गाडी वेळेवर आली नाही! आणि आज अख्खी इमारत हलली!"

"मी तर पहिल्या दिवसापासून हललोय," घड्याळवाले म्हणाले.

लेक चार मजले धावत चढून धापा टाकत दारात आली. "आई, चूक माझी. मी सगळ्यांची माफी मागते."

"माफी नंतर माग," मावशी म्हणाली. "आधी सगळीकडे एकच गाणं लाव. या गोंगाटात नाचायचं तरी कसं?"

लेकीने ते लावलं. लोक चौकात उतरले, डॉक्टर तर कलपासकट. प्रत्येक घराला त्याच्या माणसांचे आवाज शिकवून होईपर्यंत दिवेलागण झाली, आणि शिकवणी मध्येच सोडून मायलेकी चारदा नाचून आल्या. चौथ्या वेळी मावशीच्या कमरेचा टेस्टर निसटून पडला. तो उचलायला ती वाकली, तर लेकीने हात धरून तिला तशीच गरकन फिरवली.