थर्मासातला गार चहा

मी थर्मास बोलतोय. पण झाकण उघडून बघितल्याशिवाय कुणाच्या पोटात काय आहे ते खरं मानू नका. माझंसुद्धा.

संशय माझ्या जन्मापासूनचा. कारखान्यात मला घडवलं, चकाकवलं आणि लगेच उकळतं पाणी भरून उलटं ठेवलं. गळतोय का बघायला! तपासणीच्या बाई प्रत्येकाला कानाशी धरून हलवायच्या. मी पास झालो खरा, पण तेव्हापासून मीही सगळ्यांना हलवून बघतो.

मला घरी आणलं ते लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका माणसाच्या बायकोने. "कामावर गरम चहा मिळेल तुम्हाला," म्हणाली बिचारी. थोडे दिवस चहाच होता. मग एकदा लिफ्टच्या यंत्रखोलीत त्याने चहा ओतून दिला आणि माझ्यात दारू भरली. वर लवंग चघळली. बायको रोज संध्याकाळी त्याच्या तोंडाचा वास घ्यायची. माझा कुणी घेतला नाही. भांड्याला कोण विचारतो?

पण लवंग कुठवर पुरणार? एके दुपारी हा यंत्रखोलीतच झोपला आणि लेक शाळेच्या फाटकाशी वाट बघत राहिली. बिंग फुटलं. बायकोने स्वतःचे आणि लेकीचे कपडे बॅगेत भरले, बॅग पलंगाखाली सरकवली.

"दारू सोडणाऱ्यांच्या बैठका असतात. जा तिथे. नाही सुटली तर लेकीला घेऊन मी दादाकडे चालले."

तो निघाला. आणि बघा कमाल, मलाही सोबत घेतलं, भरलेलं! ताकाला जाऊन भांडं लपवतात म्हणे. हा दारू सोडायला जाऊन भांडं लपवत होता.

पहिली बैठक एका थंडगार सभागृहात. मऊ खुर्च्या, गोड बोलणारी माणसं. मला तिथेच शंका आली. हा उभा राहिला, "मी सोडली," म्हणाला, आणि टाळ्या! कुणी पाठ थोपटली, कुणी मिठी मारली. मी खुर्चीखाली, गळ्यापर्यंत भरलेला. बाहेर पडताच जिन्यात त्याने मला तोंडाला लावलं. बैठक मात्र त्याला भारी आवडली.

दुसरीकडे तर सगळे जुन्या पिण्याच्या गोष्टी इतक्या रंगवून सांगत होते की काय सांगू! संपल्यावर दोघंजण समोरच्या बारमध्येच शिरले. ह्याचेही पाय तिकडे वळले होते, पण लेकीचा फोन आला, "बाबा, कधी येताय?" म्हणून वाचला.

तिसरी बैठक सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत. प्लास्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात बेसिन. मी म्हटलं, इथे काय दिवे लागणार! ह्याने नेहमीचं सुरू केलं, "मी सोडली." एकही टाळी नाही. कपडे शिवणाऱ्या एक म्हाताऱ्या बाई मलाच न्याहाळत होत्या.

"थर्मासात काय आहे हो?"

"चहा."

"मग ओता की कपभर. घसा सुकलाय."

ह्याने झाकण आणखी घट्ट पिळलं. "गार झालाय तो."

आणि सगळी खोली हसली. एक बसड्रायव्हर तर डोळे पुसायला लागला. "अहो भाऊ, थर्मासात चहा गार होतो होय? मीपण हेच सांगायचो!"

"माझा तर बर्फ व्हायचा," बाई म्हणाल्या.

ते हसणं टोचणारं नव्हतं. चोराला चोराच्या वाटा ठाऊक असतात, तसं होतं. हा आधी रागाने लाल झाला, मग ओक्साबोक्शी रडला. मग उठून स्वतःच्या हाताने त्याने मला बेसिनमध्ये रिकामं केलं. बाईंनी मला गरम पाण्याने खळखळून धुतलं.

"आमच्याकडे नव्या माणसाने चहा आणायचा," त्या म्हणाल्या. "पहिला घोट मी घेणार. विश्वास नाही म्हणूनच."

घरी येऊन त्याने बायकोला माझं सगळं सांगितलं. वर कुरकुर केली, "काय संशयी लोक आहेत! मी पहिल्याच बैठकीला जाईन."

"तुमच्या थापा ओळखणारी माणसं सापडली ना?" ती म्हणाली. "मग तिथेच जायचं."

तेव्हापासून माझ्यात चहा असतो. बाई पहिला घोट घेतात, बायको संध्याकाळी झाकण उघडून माझा वास घेते. मला बरं वाटतं. कारण मी त्याला ओळखून आहे. अजूनही बारवरून जाताना त्याची चाल मंदावते.

काल मात्र बायकोने मला वास न घेताच धुवायला घेतलं. अगं बाई, एवढ्यात विसरलीस?

तेवढ्यात तोच पुढे आला. माझं तोंड तिच्या नाकाशी धरलं. "वास घे. आज राहिला."

तिने घेतला. मग पलंगाखालची बॅग ओढल्याचा आवाज आला आणि माझं अंग गार पडलं. पण बॅगेतून निघाले ते लेकीचे फ्रॉक. ते कपाटात गेले. तिचे स्वतःचे कपडे अजून बॅगेतच आहेत.

बरोबर केलं तिने. आता माझं एवढंच मागणं आहे: त्याच्यावर माया करा, पण मला रोज उघडून बघा.