मीटरपुढची तार

माझी नोकरी विजेला जन्मदाखले देण्याची. थट्टा नाही. एकदा तारेत शिरली की कोळशाची, वाऱ्याची, पाण्याची वीज सगळी सारखीच; म्हणून पाण्यावर झालेल्या दर हजार युनिटांमागे आम्ही एक दाखला काढतो. तो चार देश ओलांडून कुठल्यातरी कंपनीकडे जातो आणि तिने तेवढी वीज वापरली की रद्द होतो. एकच वीज दोघांच्या नावावर चढू नये, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

गेल्या महिन्यात तपासणीच्या यादीत बाबांचं वीजघर आलं. बाबांनी तिथे चौतीस वर्षं मशीन चालवलं. हे नातं मी ऑफिसला आधीच कळवलं होतं, म्हणून सही करायला भिंगसाहेब सोबत आले. प्रत्येक आकडा भिंगाखाली धरल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही, त्यावरून हे नाव.

वीजघरात पाऊल टाकलं आणि मशीनची ती घरघर कानावर आली. लहानपणी याच आवाजावर मी दुपारची झोपायचे. आवाज थांबला की जाग यायची आणि खिडकीतून बाबा दिसायचे, गुडघाभर पाण्यात उभे राहून जाळीला अडकलेला पाला दाताळ्याने ओढताना. आई हाका मारायची, जेवण निवतंय. बाबा म्हणायचे, आधी मशीनचं पोट भरू दे. तसं भरलेलं घर मला पुन्हा कुठे मिळालं नाही.

भिंगसाहेबांनी मीटर, सील, नकाशे ताडून पाहिले. सगळं जुळलं. न जुळणारं एकच होतं आणि ते तिथे फक्त मला माहीत होतं. मीटर ओलांडल्यावर एक तार जमिनीखालून आमच्या क्वार्टरला जाते. तिथे पूर्वी वीज नव्हती, म्हणून एका रविवारी बाबांनी स्वतः चर खणून ती टाकली. तेव्हा दाखले नव्हतेच. पुढे दाखले आले, पण त्या तारेची आठवण वीजघरात कुणालाच राहिली नाही. आई अजून त्याच क्वार्टरमध्ये राहते, आणि तिच्या घरात जळणारी वीजही मीटर मोजत होतं, तिचा दाखला परदेशी विकला जात होता. बोलले असते तर तार तोडावी लागली असती. बाबांच्या हातची तेवढी एकच गोष्ट अजून चालू होती. मी मूग गिळून बसले.

चहाला आईकडे गेलो. साहेब तिला दाखल्यांचं कौतुक सांगायला लागले. दूरदेशीच्या माणसालाही आता कळतं, म्हणे, आपली वीज कुठून आली ते.

"मला नाही लागत कागद," आई ऐटीत म्हणाली. "माझी तार थेट मशीनवरून आलीय. ह्यांनीच टाकली."

साहेबांनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मग मी तारेचं सगळं सांगून टाकलं.

सगळा उलगडा झाल्यावर आईने एवढंच विचारलं, तार तोडतील का. मी हो म्हटलं. रस्त्यावरच्या खांबावरून दुसरी जोडणी मिळेल, असंही सांगितलं. तिने एकदा दिव्याकडे पाहिलं. मग म्हणाली, तोडू देत. ती माझ्यावर चिडली नाही, त्याचीच मला जास्त लाज वाटली.

अहवालात एक रकाना असतो: नोंद नसलेली जोडणी कुणी केली. साहेब भला माणूस. 'अज्ञात' लिहा म्हणाले, गेलेल्या माणसाला कशाला ओढायचं यात. मला हायसं वाटलं. मी पेन टेकवलं, तर आईने माझा हात धरला.

"अज्ञात कशाला? नाव लिही त्यांचं."

"अगं, हा चुकांचा रकाना आहे."

"असू दे. चौतीस वर्षं वीज केली त्यांनी. तुझ्या इतक्या दाखल्यांवर कुठे आहे का त्यांचं नाव?"

नव्हतं. दाखल्यावर वीजघराचं नाव असतं, महिना असतो, मशीनची ताकद असते. माणसासाठी जागाच नसते.

आईने पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट. मी लिहिलं. तिने चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि कागद साहेबांपुढे सरकवला.

"करा आता सही," ती म्हणाली.