सांजगुरूंचा काळा ब्रेड

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या केव्हाच भरल्या होत्या, खिडक्यांच्या कट्ट्यांवर माणसं चढून बसली होती आणि दाराशी अडकलेली गर्दी टाचा उंचावून मंचाकडे पाहत होती. मंचावर एक टेबल, टेबलावर दोन बशा आणि दोन्ही बशांत ब्रेडची एकेक स्लाइस. मागे उभे होते सांजगुरू. पांढरेशुभ्र कपडे, आणि त्यांना खळ इतकी कडक की हात वर केला की बाही करकर वाजायची.

"ही स्लाइस सकाळी कापलेली," ते डाव्या बशीकडे बोट दाखवून म्हणाले, "आणि ही सूर्य मावळल्यावर. दिसायला जुळ्या बहिणी. आता साक्षीद्रव काय म्हणतो ते पाहू."

त्यांनी खिशातून एक तपकिरी बाटली काढली. सकाळच्या स्लाइसवर थेंब सोडले. थेंब जिरले, स्लाइस होती तशीच राहिली. मग संध्याकाळच्या स्लाइसवर सोडले. पाहता पाहता ती निळी पडली आणि मग शाईसारखी काळी झाली.

हॉलभर "अरे बापरे" अशी कुजबुज पसरली.

"हे काळं आहे ना, तेच तुमच्या पोटावर थापलं जातं," सांजगुरू आवाज खाली आणून म्हणाले. "मंडळी, सूर्य हा तुमच्या पोटातला मुकादम आहे. मुकादम घरी गेल्यावर मजूर काम करतात का? दिवसा खाल्लेला ब्रेड, भात, बटाटा घाम होऊन जातो. संध्याकाळी खाल्लेला तिथंच बसतो आणि चरबी होतो. माणूस जाड का होतो? खाण्यानं नाही. वेळेनं."

टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी माझा दादा होता. त्यानं सगळ्यांत जोरात वाजवल्या.

आता इथं सांगायला हवं की दादा बेकरी चालवतो. दोन्ही बशांतला ब्रेड आमच्याच भट्टीतला होता आणि तो एकाच वेळी दिला होता. पण हे मला तेव्हा सुचलं नाही. मी काउंटरवर बसतो. गर्दी कुठे वळते ते पाहणं माझं काम, ती का वळते याचा विचार मी फारसा करत नाही.

भाषण संपल्यावर नावनोंदणी झाली. नोंदणी करणाऱ्यांना सांजगुरूंतर्फे "निरोपाचं जेवण" होतं. संध्याकाळच्या ब्रेडला, भाताला आणि बटाट्याला शेवटचा नमस्कार म्हणून पोटभर वाढत होते. आग्रह तर लग्नघरासारखा. "घ्या हो, परत मिळायचं नाही," म्हणत मदतनीस ताटं भरत होते, वर सरबताचे ग्लास. जेवण झाल्याबरोबर सगळ्यांना बूट-कोटासकट काट्यावर उभं केलं आणि प्रत्येकाच्या हातात वजनाची चिठ्ठी दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, उपाशीपोटी, बूट काढून, पुन्हा काटा. सगळ्यांचं वजन उतरलेलं. एका रात्रीत. पोस्टातल्या मावशींनी तर आनंदानं काट्यालाच हात जोडले.

दादाही काट्यावरून खाली उतरला तो हवेतच. "पाहिलंस?" तो मला म्हणाला. "एवढी वर्षं डॉक्टर कमी खा, चाल, कमी खा, चाल करतायत. मुळात चुकलं कुठे होतं? घड्याळात."

त्याला हसू नका. दादाचं वजन खरंच वाढलेलं होतं. भट्टीचा खालचा कप्पा उघडायचा म्हणजे त्याला गुडघ्यावर हात टेकून मोठा श्वास घ्यावा लागे. वर मधुमेह, रोज संध्याकाळी जेवणाआधी इन्सुलिनचं इंजेक्शन. आपल्या ब्रेडवरच आपण जाड झालो, हे गिऱ्हाइकांचे विनोद तो हसून झेलायचा, पण ते त्याला लागायचे. कुणीतरी येऊन "तुझी चूक नाही, सूर्याची आहे" म्हटलं तर कुणाला बरं वाटणार नाही?

आमची ताई शाळेत रसायनशास्त्र शिकवते. दादाहून लहान, माझ्याहून मोठी, आणि दोघांनाही दटावण्याचा तिला हक्क आहे असं तिचं मत. तिला हे कळलं तेव्हा ती बेकरीत येऊन पिठाच्या पोत्यावर बसली आणि म्हणाली, "दादा, रात्री भरपेट जेवून मोजायचं आणि सकाळी रिकाम्या पोटी मोजायचं. वजन उतरणार नाही तर काय होईल?"

"तू शाळेतल्या मुलांना शिकव," दादा कणीक मळत म्हणाला.

"निदान इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारलंस का?"

"त्यात काय विचारायचं? इंजेक्शन सोडलेलं नाही. ब्रेड सोडलाय."

"अरे, ते इंजेक्शन ब्रेडच्या हिशोबानंच दिलंय."

पण दादा ऐकायच्या मनःस्थितीत नव्हता. आणि ताईनं जास्त बोलावं तरी कसं? गावात आधीच चर्चा होती की बेकरीवाल्यांच्या पोटात दुखतंय. ते खोटंही नव्हतं. संध्याकाळचा घाणा निम्मा उरायला लागला होता. एरवी ऑफिसं सुटली की गरम ब्रेडसाठी रांग लागायची. आता लोक दुकानासमोरून मान वळवून जात, जणू आम्ही आत काहीतरी वाईट धंदा चालवतोय.

एका संध्याकाळी मी पैशांच्या गल्ल्यावर होतो आणि दादा भट्टीपाशी. वहिनी ट्रे पुसत होत्या. दादानं नेहमीसारखं इंजेक्शन घेतलं होतं आणि सांजगुरूंच्या सांगण्याप्रमाणे नुसतं पातळ सूप प्यायला होता. थोड्या वेळानं मला त्याचा आवाज आला. तो ट्रेशी बोलत होता. "ऊठ की रे," असं त्याला सांगत होता. मला वाटलं, गंमत करतोय. मग त्यानं भरलेला ट्रे भट्टीत उलटा ढकलला.

"अहो, काय करताय?" वहिनी म्हणाल्या.

दादानं त्यांच्याकडे पाहिलं, पण ओळख दिसली नाही. शर्ट घामानं चिंब झाला होता आणि हात पानासारखा थरथरत होता. मी भट्टीच्या उष्णतेला दोष देत पंखा आणायला धावलो. वहिनी मात्र धावल्या साखरेच्या डब्याकडे.

"भावजी, त्यांना बसवा. भट्टीपासून लांब," त्या शांतपणे म्हणाल्या. पाण्यात मूठभर साखर ढवळून त्यांनी ग्लास त्याच्या ओठांना लावला. "गिळा. अजून एक घोट. गिळा."

दादा पीत होता आणि मी त्याचा खांदा धरून बसलो होतो. एवढा मोठा माणूस, आणि मला वाटत होतं की हात सोडला तर तो हातातून निसटेल. हळूहळू त्याच्या डोळ्यांत माणूस परत आला. "मी खाली कसा बसलो?" त्यानं विचारलं. वहिनींनी एक जाड स्लाइस कापली, त्याच्या हातात दिली आणि तो खाईपर्यंत समोर उभ्या राहिल्या. मग मागच्या खोलीत जाऊन रडल्या.

सकाळी त्या दादाला घेऊन डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर रागावले नाहीत, त्यांनी कागदावर हिशोब मांडून दाखवला. इंजेक्शन तेवढंच आणि जेवण अर्धं, म्हणजे रक्तातली साखर जायची कुठे? खालीच. वेळेत साखर मिळाली नसती तर बेशुद्धी, आणि तीही तापलेल्या भट्टीसमोर.

एवढ्यावर दादानं शहाणं व्हायला हवं होतं. त्यानं काय केलं, तर सांजगुरूंना जाऊन विचारलं. सांजगुरू त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अभिनंदन. साठलेलं विष बाहेर पडतंय. थरथर म्हणजे चरबीचा आक्रोश."

हे दादानं घरी येऊन सांगितलं तेव्हा ताई तिथंच होती. तिनं फक्त विचारलं, "त्यांची पुढची सभा केव्हा आहे?"

सभेला ताई पहिल्या रांगेत बसली. मांडीवर पिशवी, शेजारी वहिनी, मागे मी आणि दादा. पुन्हा त्याच दोन बशा, तीच बाटली, तोच मुकादम. स्लाइस काळी पडली, कुजबुज झाली, आणि कुजबुज विरायच्या आत ताई उभी राहिली.

"गुरुजी, प्रयोग फार आवडला. एकच विनंती. हा ब्रेड सकाळी भाजलेला आहे, माझ्या भावानंच. मी आत्ता सगळ्यांसमोर त्याच्या दोन स्लाइस कापते. दोन्ही एकाच वेळच्या. तुमचा साक्षीद्रव दोन्हींवर घाला."

सांजगुरू हसले. "बाई, साक्षीद्रव अशा हुकमावर चालत नाही. स्लाइस आधी शांत करावी लागते."

"कशानं शांत करता?"

"ते साधनेचं गुपित आहे."

"माझ्याकडेही एक साधना आहे," ताई म्हणाली आणि मंचावर चढली. पिशवीतून तिनं ब्रेड काढला, दोन स्लाइस कापल्या. मग एक ग्लास पाणी मागवलं आणि त्यात क जीवनसत्त्वाच्या गोळ्या चुरून टाकल्या, औषधाच्या दुकानात मिळतात त्याच. ते पाणी तिनं एका स्लाइसला नीट चोपडलं. शेवटी शाळेच्या प्रयोगशाळेतली आयोडीनची बाटली काढून दोन्हींवर थेंब सोडले. चोपडलेली स्लाइस पांढरीच राहिली. दुसरी काळी पडली.

"साक्षीद्रव म्हणजे आयोडीन," ती लोकांकडे वळून म्हणाली. "पिष्टाला लागलं की ते निळं-काळं होतं. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, केव्हाही. आठवीच्या वर्गात आम्ही हे करून दाखवतो. या गोळीचं पाणी आयोडीनचा रंग घालवतं, म्हणून ती स्लाइस शांत दिसते. काळा रंग म्हणजे चरबी नाही. विषही नाही."

"ही बेकरीवाल्यांची बहीण आहे," सांजगुरू मोठ्यानं म्हणाले. "धंदा बसला म्हणून आलीय." आणि त्यांनी आयोडीनची बाटली हिसकावून घेण्यासाठी हात पुढे केला.

बाटली कलंडली. आयोडीन सांडलं ते त्यांच्या बाहीवर.

बाही निळी पडली. मग काळी. मनगटापासून कोपरापर्यंत एक काळा ओघळ, सगळ्या हॉलच्या डोळ्यांदेखत.

क्षणभर कुणालाच काही कळेना. मग वहिनी बसल्या जागेवरून म्हणाल्या, "खळ आहे हो ती. पिठाचीच असते. त्यांची बाही संध्याकाळी जेवली वाटतं."

आधी एक जण हसला, मग रांग, मग हॉल. मी आयुष्यात एवढी मोठी हसण्याची लाट ऐकलेली नाही. सांजगुरूंनी बाही पाठीमागे लपवली, पण एखादी गोष्ट पाठीमागे लपवणारा माणूस गुरू दिसत नाही.

हसू ओसरल्यावर पोस्टातल्या मावशी उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा पडला होता. "पण माझं वजन खरंच कमी झालंय," त्या म्हणाल्या. "पहिल्या रात्रीचं सोडा. आता कपडे सैल होतायत. ते खोटं आहे का?"

"नाही मावशी, ते खरं आहे," ताई म्हणाली. तिचा आवाज एकदम मऊ झाला. "आधी संध्याकाळी काय खायचात?"

"ब्रेड, बटाटे, वर काहीतरी गोड. टीव्हीसमोर बसले की भान राहत नाही."

"ते सगळं थांबलं. त्याची भरपाई दुसऱ्या वेळी केली नाहीत, म्हणजे दिवसभराचं मिळून खाणं कमी झालं. म्हणून बारीक झालात. तेवढंच दुपारचं कमी केलं असतंत तरी बहुतेक तेच झालं असतं. आणि सुरुवातीला भराभर उतरतं त्यात पाणी बरंच असतं. शरीर पिष्ट साठवतं ते पाण्यासकट. साठा कमी झाला की पाणीही जातं. कुणाला उशिरा जड जेवून झोप लागत नसेल तर त्यानं लवकर जेवावं, हलकं जेवावं. त्यात शहाणपण आहे. पण सूर्य मावळला म्हणून ब्रेडची चरबी होत नाही. श्रेय तुमचं आहे मावशी. ते या बाटलीला देऊ नका."

मावशी खाली बसल्या. थोड्या वेळानं त्यांचा चेहरा उजळला. एवढं कष्टाचं काम आपणच केलं हे त्यांना पटत असावं.

आणि मग दादा उठला. मला वाटलं तो बाहेर निघालाय. तो मंचावर गेला, कोपऱ्यातल्या काट्यावर उभा राहिला आणि पोस्टातल्या मावशींना आकडा वाचायला सांगितला. मग टेबलावरचा पाण्याचा जग उचलून गटागटा संपवला आणि पुन्हा वाचायला सांगितलं.

"वाढलं की," मावशी म्हणाल्या.

"पाण्यानं जाड झालो का मी?" दादानं लोकांना विचारलं. "नाही. तरी काट्यावर दिसलं. त्या रात्री आपल्याला कोंबून खाऊ घातलं आणि कोटासकट मोजलं, ते एवढ्यासाठीच." मग तो सांजगुरूंकडे वळला. "माझी साखर उतरली होती. मी बायकोला ओळखलं नाही. तुम्ही माझं अभिनंदन केलंत."

यावर हॉलमध्ये कुणी हसलं नाही. सांजगुरूंनी तपकिरी बाटली खिशात घातली. मदतनीसांनी बशा उचलल्या. दुसऱ्या दिवशी हॉलला कुलूप होतं.

दादाचं पुढे काय झालं म्हणाल, तर चमत्कार झाला नाही. डॉक्टरांनी जेवण आणि इंजेक्शन यांचा मेळ घालून दिला. तो संध्याकाळी ब्रेड खातो, मोजून. रोज चालायला जातो, कुरकुरत. वजन उतरतंय, पण इतकं सावकाश की कुणी टाळ्या वाजवत नाही.

काही गिऱ्हाइकं अजूनही सूर्य पाहून ब्रेड घेतात. त्यांना ताई हसत नाही आणि आम्हालाही हसू देत नाही. शरीराचा कंटाळा आलेल्या माणसाला सोपा उपाय दिसला की तो धावतो, त्यात लाज कसली, असं ती म्हणते. फक्त धावण्याआधी दोन गोष्टी विचारा: हेच माझ्यासमोर, माझ्या वस्तूवर करून दाखवाल का? आणि माझं औषध चालू आहे, माझ्या डॉक्टरांना विचारू का? खरं सांगणारा माणूस दोन्हीला हो म्हणतो. जो चिडतो, त्याच्या काट्यावर उभं राहू नका.